शिवीवर दंड लावाल, पण कुणाला?

सोलापुरात शिवीवर दंड बसवायचा ठरला, तर पहिली पंचाईत पावती फाडणाऱ्याची होईल. त्याला किमान चार भाषा याव्या लागतील. साखर पेठेत तेलुगू, विजापूर वेशीत दखनी (म्हणजे इकडची उर्दू), होटगी-अक्कलकोटच्या अंगाला कानडी आणि बाकी सगळीकडं मराठी अशी ढोबळ वाटणी सांगता येते, पण एकाच भांडणात या चारही भाषा हजेरी लावून जातात. पावतीवर भाषा कुठली लिहायची? आणि 'बे'चं काय करायचं? "का बे, कुठं हाईस?" हे पुण्यात अनोळखी माणसाला म्हणून बघा, तो बाह्या सावरेल. इथं दोस्तानं दोन दिवस 'बे' म्हटलं नाही, तर आपल्याकडून काही चुकलंय का याची रुखरुख लागते.

हा दंडाचा विषय हवेतला नाही. नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावाच्या ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव केला की गावात आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. राज्यभर कौतुक झालं. 'आपल्याकडं पण असं करायला पाहिजे' हे वाक्य तेव्हापासून सोलापुरातही चहाच्या टपरीवर ऐकू येतं, आणि ते म्हणणारे गृहस्थ बहुतेक वेळा त्याच वाक्याच्या शेवटी 'च्यायला' जोडतात.

सौंदाळ्याच्या हेतूबद्दल माझी काहीच तक्रार नाही. भांडण दोन पुरुषांचं, आणि उद्धार कुठंतरी घरात भाकरी थापत असलेल्या बाईचा, हे कुणीतरी जाहीरपणे थांबवा म्हणालं हे चांगलंच झालं. पण दंडाची रक्कम सगळ्यांना सारखी. यंत्रमागावरच्या कामगाराच्या दिवसाच्या कमाईला त्यानं भगदाड पडतं, मालकाच्या खिशाला मुंगीही चावत नाही. शिवाय दंड शब्दाला बसतो. शब्द कुणी कुणाला दिला, आणि ज्याला दिला त्याला तो परत देता येत होता का, हे पावतीत येत नाही. माझ्या लेखी शिवीची खरी कसोटी तीच आहे. परत देता येते ती शिवी बरोबरीतली. तिचं काय ते दोघं बघून घेतील, फार तर शेजारी सोडवायला येतील. परत देता येत नाही त्या शिवीत समाजानं आणि कायद्यानं पडायला पाहिजे.

या कसोटीवर आधी आपल्या नेहमीच्या शिव्याच घासून बघू. मराठीत 'रांड' म्हणजे मुळात विधवा. तीच पुढं वेश्याही झाली, आणि 'रांडेच्या' ही शिवी तिच्या पोराला चिकटली. कानडीत 'मुंडे' म्हणजे विधवा, 'मुंडेमगने' म्हणजे तिचा पोरगा, आणि केशवपन केलेल्या बाईवरून आलेली 'बोळीमगने' ही त्याची चुलत शिवी. तेलुगूत 'मुंडा' शब्दात विधवाही आहे आणि वेश्याही. दखनीत पुन्हा आपलीच 'रांड'. शाळेचं माध्यम कुठलं असावं, पाटी कुठल्या भाषेत लावावी यावरून भांडणाऱ्या या भाषा एका बाबतीत मात्र एकमुखी आहेत. नवरा मेलेली बाई ही चौघींच्याही मते शिवी आहे. (या लेखात मी फुल्या मारलेल्या नाहीत. फुल्या मारल्या की वाचणारा मनातल्या मनात त्याहून घाण शब्द भरतो, असा अनुभव आहे.)

आता ती बाई कुठं असते? भांडणाच्या जागी ती नसतेच. तिला उलट बोलायची सोय नाही, आणि आपल्या नावानं काय चाललंय हे तिला कळतही नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं असल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारनं त्याच महिन्यात बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. फार मोठी गोष्ट होती ती. पण प्रथा ठरावानं दारातून बाहेर काढता येते, तोंडातून निघायला ती कितीतरी पिढ्या घेते. आपल्या भागात केशवपन जाऊन जमाना झाला, तरी 'बोळी' अजून शिवीत मुंडण करून बसलेली आहे.

यावर हमखास येणारं उत्तर असं: शिवी म्हटली की आईमाई येणारच, माणसाचा स्वभावच आहे तो. हे खरं नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातले फ्रेंच बोलणारे लोक चिडले की चर्चमधलं सामान बाहेर काढतात. 'ताबरनाक' म्हणजे प्रसादाची पवित्र भाकर ठेवायची पेटी, 'कालिस' म्हणजे द्राक्षारसाचा प्याला, 'ओस्ती' म्हणजे ती भाकरच. अंगठ्यावर हातोडा बसला की ही तिन्ही नावं ओळीनं येतात. पिढ्यानपिढ्या चर्चनं तिथल्या लोकांचं जन्मापासून मरणापर्यंत सगळं ताब्यात ठेवलं होतं, तेव्हा मोडायला तेच सापडलं. डच माणूस रोगावरून शिव्या देतो. कॅन्सर, टायफस, क्षय, कॉलरा असा अख्खा दवाखाना त्यांच्या शिव्यांत भरलेला आहे. हे ऐकून हसायच्या आधी आपल्या आज्या आठवा. 'तुला पटकी येवो', 'मरीआईनं न्यावं तुला', 'मुडद्या', 'तुझं तळपट होईल'. पटकी म्हणजे कॉलराच. पटकीनं गावंच्या गावं रिकामी होत होती तेव्हा त्या शब्दाची धार काय असेल! आज तो शब्द नातवाला समजावून सांगावा लागतो. म्हणजे मराठीत आईमाईशिवाय शिव्या होत्या, चांगल्या जळजळीत होत्या, आणि त्या बहुतेक बायकांच्या तोंडी होत्या. पुरुषांनी आपल्या कोठारात बाई भरली, बायकांनी रोगराई आणि मसणवटा. ज्याला ज्याची भीती, त्याचं तो हत्यार करतो. पुरुषाला भीती इज्जतीची, आणि ती त्यानं बाईच्या अंगावर ठेवलेली.

ही इज्जत काही फक्त रस्त्यावरच्या टोळक्यानं वापरली असं समजू नका. शिलाहार आणि यादवांच्या काळात राजानं किंवा त्याच्या अधिकाऱ्यानं जमीन दान दिली की शिळा उभी करत. वर चंद्रसूर्य, मध्ये लेख, खाली एक बाई आणि एक गाढव. अर्थ असा, की जो हे दान मोडेल त्याच्या आईची गाढवाकडून ही गत होवो. अशा शिळांना गद्धेगाळ म्हणतात, आणि महाराष्ट्रात त्या जागोजाग आहेत. राजदरबारचा हुकूम, दगडात कोरलेला, आणि जामीन म्हणून ठेवलेली कोण, तर गुन्हेगाराची आई. दंडसंहिता यायच्या कितीतरी आधी आपल्याकडं सरकारमान्य शिवी होती. त्याच काळातली, आपल्या दक्षिण सोलापुरातल्या हत्तरसंग कुडलच्या देवळातली शके ९४० ची मराठी ओळ मात्र वाचणारा विजयी होईल असा आशीर्वाद देते. सोलापूरकरांनी या गोष्टीची टिमकी अजून म्हणावी तशी वाजवलेली नाही.

एवढं सगळं म्हटल्यावर मी शिवीच्या विरोधात आहे असं कुणाला वाटेल. तसं नाही. एमआयडीसीतल्या एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये जाऊन उभे राहा. खडाखड अशी, की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. मध्येच धोटा अडकतो, ताण्याच्या तारा भसाभस तुटतात, माग थांबतो. मजुरी मालावर असते, माग थांबला की पैसे थांबले. तो कामगार वाकून एकेक तार सांधायला लागतो आणि तेलुगूत मागाच्या सात पिढ्या काढतो. ओठ हलताना दिसतात, आवाज कुणालाच ऐकू येत नाही. खंडेनवमीला हाच माणूस त्याच मागाला हळदकुंकू लावून नारळ फोडणार असतो. या शिवीवर कसला दंड लावता?

तिचा शरीराला उपयोगही होतो. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावलं. साधा शब्द म्हणताना सोसली त्यापेक्षा शिवी पुटपुटताना त्यांना जास्त वेळ कळ सोसता आली. पुढं २०२० मध्ये त्यांनी शिवीसारखे वाजणारे दोन बनावट शब्द करून बघितले, त्यांचा काही उपयोग झाला नाही. अधल्यामधल्या एका प्रयोगात असंही दिसलं की दिवसभर ऊठसूट शिव्या देणाऱ्याला हा फायदा कमी मिळतो. पक्षाघातानं वाचा गेलेला रुग्ण, ज्याला स्वतःच्या बायकोचं नाव उच्चारता येत नाही, तो अचानक स्वच्छ शिवी देतो, हे तर डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. म्हणजे शिवी भाषेच्या नेहमीच्या खोलीत राहत नाही. तिचं बिऱ्हाड भावनेच्या बाजूला आहे. ग्रामसभेनं उद्यापासून सगळ्यांनी 'अरे भोपळ्या' म्हणावं असा ठराव केला तरी भोपळ्यानं कळ थांबणार नाही. शिवी वापरून वापरून मुरावी लागते.

आणि ती मुरते तशी झिजतेही. 'च्यायला' म्हणताना कुणाच्या आईचा विचार कुणी करत नाही. शाळेतल्या बाईसुद्धा खडू मोडला की पुटपुटतात. मग कुणी म्हणेल, आईबहिणीवरच्या बाकीच्या शिव्याही अशाच झिजल्यात, आम्ही अर्थ मनात आणून बोलत नाही, उगाच बाऊ कशाला? हा युक्तिवाद वजनदार आहे, पण अर्धाच. बोलणाऱ्याच्या तोंडात शब्द झिजतो, ऐकणाऱ्याच्या कानात तो तेवढाच झिजला असेल याची काय खात्री? भाषातज्ज्ञ झाँ-मार्क देवाल यांनी अनेक भाषा बोलणाऱ्यांकडून माहिती गोळा केली, तेव्हा शिवी मातृभाषेतली असली की सगळ्यात जास्त बोचते, नंतर शिकलेल्या भाषेतली त्यामानानं हलकी वाटते, असं बहुतेकांनी सांगितलं. सोलापुरात हे सांगायला संशोधक लागत नाही. इथलं पोर शेजारच्या भाषेतलं 'पाणी दे' शिकायच्या आधी त्या भाषेतल्या शिव्या शिकतं. मराठी पोरगा तेलुगू शिव्या देतो, तेलुगू पोरगा मराठी आणि हिंदी देतो, आणि दोघांनाही आपण काही फार वाईट बोललो असं वाटत नाही. जिभेला जी हलकी, ती समोरच्याच्या घरातली सगळ्यात जड वस्तू असते. वजन करायचं तर ऐकणाऱ्याच्या बाजूनं करावं लागेल.

दोन्ही बाजू बरोबरीच्या असल्या की सगळं बदलतं. सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात, सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि एकमेकींना हातवारे करून मनसोक्त शिव्या घालतात. बोरीचा बार म्हणतात त्याला. सभ्य माणसं कान झाकतील अशी भाषा असते. पण इकडून गेली की तिकडून येते, दिवस ठरलेला, ओढा ठरलेला. शिमग्याच्या बोंबांचंही तसंच. सौंदाळ्याचा नियम शब्दशः लावला तर सगळ्यात मोठा दंड या बायकांना होईल. वर्षभर सासरी-माहेरी तोंड मिटून बसणाऱ्यांना!

उलट टोकाची गोष्ट बघा. जपानी भाषेत आपल्यासारख्या आईमाईच्या शिव्या फारशा नाहीत. तिथं माणसाला खाली पाडायचं तर क्रियापदाचं रूप बदलतात, आदराची पायरी काढून घेतात. शब्द एकही वाईट नसतो. हे ऐकून आपण चकित व्हायचं कारण नाही, मराठीत 'एकेरीवर येणं' दुसरं काय आहे? पन्नाशीचा कामगार, घरात सून आलेली, नातू मांडीवर. मालकाचा कॉलेजातून आलेला पोरगा त्याला हाक मारतो, "ए मल्ल्या, इकडं ये." या वाक्यात कुठली शिवी दाखवाल? ग्रामसभेच्या यादीत यातला कुठला शब्द सापडेल? पण 'मल्लेशप्पा'चा 'मल्ल्या' होतो, 'या'चं 'ये' होतं, आणि त्याला उलट 'काय रे' म्हणता येत नाही. माझ्या कसोटीवर ही मागाला दिलेल्या सगळ्या शिव्यांपेक्षा मोठी शिवी आहे. दोस्ताचा 'का बे' आणि मालकाचा 'का बे' यांची अक्षरं सारखीच असतात.

विड्या वळणाऱ्या बायकांचं याहून अवघड. पान आणि तंबाखू कारखान्यातून न्यायची, घरी बसून विड्या वळायच्या, मोजून परत आणून द्यायच्या. तपासणारा माणूस मूठभर विड्या बाजूला टाकतो, आणि टाकताना काहीतरी बोलतो. वळण सैल आहे म्हणता म्हणता गाडी विडीवरून हातावर, हातावरून नवऱ्यावर, नवऱ्यावरून आणखी कशावर जाते. बाई खाली बघत पदर सावरते. उद्याचं पान त्याच्याच हातून मिळायचं असतं. याच बाईला गल्लीत नळावरच्या भांडणात ऐकलंत तर कळेल की शब्दांची कमतरता तिच्याकडं अजिबात नाही. तेलुगूत ती समोरच्याचं तळपट करू शकते. इथं ती बोलत नाही, कारण बोलायची किंमत तिला पाठ आहे.

कायद्याला हा फरक अजिबात समजत नाही असंही नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ नं सार्वजनिक ठिकाणी अश्लील शब्द उच्चारून दुसऱ्याला त्रास दिला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ते जुन्या दंडसंहितेतल्या कलम २९४ चंच नवं रूप. पण एका वेबमालिकेतल्या शिव्यांच्या खटल्यात मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शिव्या असभ्य आणि किळसवाण्या वाटू शकतात, म्हणून त्या आपोआप अश्लील होत नाहीत. योग्यच सांगितलं. दुसरीकडं अ‍ॅट्रॉसिटी कायदा बघा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून शिवी दिली तर तो गुन्हा, आणि तो एकाच दिशेनं लागू होतो, वरून खाली. 'मग आम्हाला कुणी जातीवरून बोललं तर?' असं विचारणारे भेटतात. हजार वर्षं एकाच दिशेनं वाहिलेल्या शिवीला कायदा दोन दिशांनी कसा लावणार? जातीचं नावच शिवी म्हणून वापरलं जातं तेव्हा ऐकणाऱ्याकडं परत फेकायला काहीच नसतं. उच्च जातीचं नाव फेकून मारलं तर कुणाला लागतं? कायदा लिहिणाऱ्यांना हे बरोबर कळलेलं होतं.

पोरांच्या कानावर पडतं म्हणून शिव्या बंद करा, या मुद्द्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. पोरं मोबाइलवर काय ऐकतात ते बघितलं तर गल्लीतला शिव्या देणारा म्हातारा त्यामानानं संस्कारी वाटेल.

तेव्हा सोलापुरात कुणाला खरंच काही करायची हौस असेल, तर चौकात पावतीपुस्तक घेऊन उभं राहण्यापेक्षा एक सोपं काम आहे. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लैंगिक स्वरूपाची शेरेबाजीही छळातच धरतो. तो कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्या बाईला लागू आहे, असंघटित क्षेत्रालाही आहे. जिथं दहापेक्षा कमी माणसं आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तिथल्या बाईसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असायला हवी असं तो सांगतो. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, आणि बाईला लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे. विडी कारखान्यात जिथं विड्या मोजून घेतात त्या खिडकीच्या वर, आणि टॉवेलच्या शेडमध्ये जिथं बायका शिवण-घडी करतात तिथल्या भिंतीवर, या समितीचा पत्ता आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून लावा. मराठीत लिहा, तेलुगूत लिहा, कानडीत आणि उर्दूतही लिहा. रंगाऱ्याचा खर्च सौंदाळ्याच्या चार-पाच पावत्यांत निघेल.